प्रतिकारशक्तीला लगामही हवा

२०२० साली कोरोना आला आणि जाताना आपल्या बोलण्यात एक शब्द कायमचा ठेवून गेला, तो म्हणजे 'इम्युनिटी'. आज शहरातल्या मोठ्या दुकानापासून गावातल्या किराणा दुकानापर्यंत कोठेही पाहा, प्रतिकारशक्ती वाढवण्याचा दावा करणारी चूर्णे, काढे, गोळ्या, सरबते मांडलेली दिसतात. दवाखान्यातही "डॉक्टर, तेवढं प्रतिकारशक्ती वाढायला काहीतरी लिहून द्या" ही मागणी आता रोजचीच झाली आहे. सर्दीचा रुग्ण ती करतो, आमवाताचा रुग्ण करतो आणि ज्याने मूत्रपिंड बदलून घेतले आहे असा रुग्णही करतो.

यातील शेवटच्या दोघांची मागणी वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. आमवात, म्हणजे ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड संधिवात म्हणतात, त्यात सांधे सुजतात ते रुग्णाच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने सांध्यांवर हल्ला केल्यामुळे. आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीरात टिकते ते प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे. म्हणजे जिच्यापासून त्यांना त्रास आहे किंवा धोका आहे, तीच गोष्ट हे रुग्ण वाढवून मागत आहेत! यात त्यांचा दोष नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे दुधासारखी किंवा पगारासारखी, जितकी जास्त तितकी चांगली, अशी समजूत जाहिरातींनी सर्वांच्या मनात पक्की बसवली आहे.

ही समजूत अर्धवट आहे आणि काही लोकांच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते, हे आजच्या लेखात सांगावयाचे आहे. परक्याला मारणे हे प्रतिकारशक्तीचे अर्धे काम झाले. आपल्या माणसाला ओळखून हात आवरणे हे उरलेले अर्धे काम. या दुसऱ्या कामाला शास्त्रज्ञ 'सहिष्णुता' म्हणतात. वैद्यकशास्त्राचे २०२५ सालचे नोबेल पारितोषिक याच सहिष्णुतेवरील संशोधनाला मिळाले. आपल्याकडे मात्र त्याची चर्चा फारशी झाली नाही, कारण 'थांबवण्याची शक्ती' बाटलीत भरून विकता येत नाही.

जुळ्या वासरांनी दिलेला धडा

आपल्या जिल्ह्यातील पशुपालकांना एक गोष्ट ठाऊक असते. गाईला एक खोंड आणि एक कालवड अशी जुळी झाली, तर ती कालवड बहुधा वांझ निघते. आईच्या पोटात असताना दोन्ही वासरांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, खोंडाच्या रक्तातील द्रव्ये कालवडीकडे पोहोचतात आणि तिचे जननेंद्रिय नीट वाढत नाही, हे त्याचे कारण.

१९४५ साली अमेरिकेत रे ओवेन या शास्त्रज्ञाने अशा जुळ्या जनावरांचे रक्त तपासले. त्याला आढळले की प्रत्येकाच्या अंगात स्वतःच्या रक्तपेशींबरोबर भावंडाच्या रक्तपेशीही सुखाने नांदत आहेत. वास्तविक परके रक्त शरीराने नष्ट करावयास हवे होते. तसे झाले नाही, कारण प्रतिकारशक्ती घडत असतानाच्या काळात त्या पेशींची ओळख झालेली होती. लहानपणापासून घरात वावरणाऱ्या माणसावर घरचा कुत्रा भुंकत नाही, तसाच हा प्रकार.

इंग्लंडमध्ये पीटर मेडावार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांवर दुसऱ्याची त्वचा बसवण्याच्या प्रश्नावर काम करत होते. ती त्वचा काही दिवसांत गळून पडे. मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली उंदरांच्या न जन्मलेल्या पिल्लांना दुसऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. ही पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्यावर त्याच जातीच्या उंदराची त्वचा बसवली, तर ती टिकली. सहिष्णुता ही शिकवता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. मेडावार यांना १९६० साली ऑस्ट्रेलियाच्या बर्नेट यांच्यासमवेत नोबेल मिळाले. आज देशभर होणाऱ्या अवयवरोपणाच्या शास्त्राचा एक पाया या जुळ्या वासरांनी आणि उंदरांनी घातलेला आहे.

तालीम, वस्ताद आणि पंच

मग ही ओळख शरीर शिकते कोठे? छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, वय वाढते तशी आक्रसत जाते. हाडांच्या मगजात जन्मलेल्या काही पांढऱ्या पेशी येथे येतात आणि तयार होऊन बाहेर पडतात. त्यांना टी-पेशी म्हणतात.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगणे सोपे आहे. थायमस म्हणजे तालीम. येथे येणाऱ्या प्रत्येक पोराला वस्ताद पारखतो. ज्याला पकडच जमत नाही तो बाद. आणि जो उठसूट घरच्याच माणसांवर हात टाकतो, तोही बाद. ही निवड इतकी कडक असते की आलेल्यांपैकी बहुतेक पेशी तेथेच मरतात. थोड्या पेशी तेवढ्या बाहेर पडतात.

पण कितीही कडक वस्ताद असला तरी एखादा आडदांड गडी नजरेतून सुटतोच. निरोगी माणसाच्या रक्तातही स्वतःच्या अवयवांवर हल्ला करू शकतील अशा काही पेशी सापडतात. मग निरोगी माणूस निरोगी राहतो कसा? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना अनेक वर्षे छळले.

जपानमध्ये एक प्रयोग झालेला होता. उंदराच्या पिल्लाची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली, तर त्याची प्रतिकारशक्ती दुबळी होईल अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. ती मोकाट सुटली आणि पिल्लाच्या स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडली. शिमोन साकागुची यांनी या कोड्याचा पिच्छा पुरवला. निरोगी उंदराच्या टी-पेशी अशा पिल्लांना दिल्या, तर ती वाचतात असे त्यांना दिसले. याचा अर्थ टी-पेशींमध्येच कोणीतरी असा आहे की जो मारत नाही, उलट मारणाऱ्याला आवरतो. १९९५ साली त्यांनी या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. त्यांना 'नियामक टी-पेशी' असे नाव मिळाले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर हे मैदानातले पंच. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात कितीही तगडा मल्ल उतरला तरी पंचाच्या शिट्टीला तो थांबतो. शिट्टी नसेल तर ती कुस्ती राहत नाही, मारामारी होते.

त्याच सुमारास अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल हे दोघे एका आजारी जातीच्या उंदरांवर काम करत होते. या जातीच्या नर पिल्लांची कातडी खवल्यासारखी होई, प्लीहा आणि लसिका ग्रंथी सुजत आणि काही आठवड्यांत ती मरत. २००१ साली या दोघांनी त्यामागचे सदोष जनुक शोधून काढले. त्याचे नाव फॉक्सपी-३. माणसाच्या मुलग्यांमध्येही याच जनुकात बिघाड झाला, तर जन्मानंतर लवकरच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि कातडीचा विकार एकदम सुरू होतो, हेही त्यांनी दाखवले. पुढे दोन वर्षांत स्पष्ट झाले की हे जनुक म्हणजेच त्या पंचपेशी घडवणारी किल्ली आहे. ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना २०२५ चे नोबेल विभागून मिळाले ते यासाठी.

या विषयावर एका जाणत्या वाचकाला प्रश्न पडेल की आईच्या पोटातल्या बाळाचे काय? बाळाचे अर्धे गुण वडिलांचे, म्हणजे आईच्या शरीराला ते अर्धे परकेच. तरी आई नऊ महिने त्याला वाढवते. यामागे अनेक कारणे आहेत आणि या नियामक पेशी हे त्यातील एक महत्त्वाचे कारण आहे. आपण सर्वच जण सहिष्णुतेच्या कृपेने जगात आलेले आहोत.

पुण्यातील संशोधन काय सांगते?

येथवर पेशी कोणत्या हे पाहिले. पण एक पेशी दुसरीला 'मार' किंवा 'थांब' असे सांगते तरी कसे? पेशींना तोंड नाही, कान नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे बारीक ग्राहक असतात, दारावरच्या बेलसारखे. बाहेरून कोणी बेल दाबली की पेशीच्या आत तारांवरून निरोप जावा तशी एकामागून एक प्रथिने जागी होतात आणि शेवटी पेशीच्या केंद्रात हुकूम पोहोचतो.

या निरोपांवर आपल्या महाराष्ट्रात मोलाचे काम झालेले आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथील प्रतिकारशास्त्रज्ञ डॉ. भास्कर साहा आणि त्यांचे सहकारी लेश्मॅनिया या परजीवी जंतूचा अभ्यास करत होते. याच जातकुळीतल्या जंतूमुळे बिहारकडे काळा आजार होतो. हा जंतू मोठा बिलंदर. शरीरातल्या ज्या भक्षक पेशीने त्याला गिळून मारावयाचे, त्याच पेशीच्या पोटात तो बिऱ्हाड थाटतो.

भक्षक पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-४० नावाची एक बेल असते. साहा यांच्या गटाने २००४ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार ही एकच बेल दोन परस्परविरोधी निरोप पाठवते. बेल जोरात दाबली गेली की पेशीत पी-३८ नावाची तार जागी होते, इंटरल्यूकिन-१२ हे द्रव्य तयार होते आणि लढाईला तोंड फुटते. बेल हळू दाबली गेली की ईआरके नावाची दुसरी तार जागी होते, इंटरल्यूकिन-१० तयार होते आणि लढाई थंडावते. दोन्ही तारा एकमेकींना दाबतातही. लेश्मॅनियाचा जंतू पेशीत शिरला की तो पहिली तार अधू करतो आणि दुसरीला बळ देतो. म्हणजे आपल्याच शरीराच्या 'थांबा' या हुकमाचा तो गैरफायदा घेतो. उंदरांमध्ये ही दुसरी तार औषधाने दाबून पहिलीला वाट करून दिल्यावर जंतूंची संख्या घटली. साहा यांना २००९ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

या संशोधनातून सामान्य वाचकाने काय घ्यावे? मला त्यातून एकच साधा प्रश्न दिसतो. इंटरल्यूकिन-१२ हा प्रतिकारशक्तीचाच भाग आणि इंटरल्यूकिन-१० हाही तिचाच भाग. मारणारी पेशीही तिचीच आणि पंचपेशीही तिचीच. मग डब्यावर 'प्रतिकारशक्ती वाढवते' असे जेव्हा छापलेले असते, तेव्हा त्यातले नेमके काय वाढते? मल्ल वाढतो की पंच? बेल जोरात वाजते की हळू? याचे उत्तर डब्यावर नसते. ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

शिस्त मोडते तेव्हा

सहिष्णुता मोडली की होणाऱ्या रोगांना ऑटोइम्यून विकार म्हणतात. असे ऐंशीहून अधिक विकार वैद्यकशास्त्राने नोंदवले आहेत. नावे ऐकली तर कळेल की ते आपल्या घरापासून फार दूर नाहीत. लहान मुलांना एकाएकी होणारा, पहिल्या दिवसापासून इन्सुलिनची गरज लावणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह, थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचे बरेच प्रकार, आमवात, सोरायसिस, कोड, ल्युपस ही त्यातली परिचित नावे. यातील अनेक विकार स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक होतात. आमवाताचे प्रमाण स्त्रियांत दोन ते तीन पट आहे. सकाळी उठल्यावर हाताची बोटे तासभर वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, अशी तक्रार करणाऱ्या बाईला घरात "वयाप्रमाणे होणारच" असे उत्तर मिळते. ते वय नसते, तो उपचार मागणारा रोग असतो. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून बहुतांशी वाचवता येतात.

कोरोनाच्या काळाने तर दोन्ही बाजू एका वर्षात दाखवल्या. गंभीर रुग्णांमध्ये विषाणूइतकेच, कित्येकदा त्याहूनही अधिक, नुकसान अनावर झालेल्या प्रतिकारशक्तीने फुप्फुसांचे केले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथॅसोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. स्टेरॉइड काय करते? प्रतिकारशक्ती दाबते! म्हणजे ज्या रोगात सारा देश प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी काढे पीत होता, त्याच रोगाच्या अत्यवस्थ रुग्णाला ती कमी करणारे औषध तारत होते. मग २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडचा वापर गरज नसतानाही, जास्त मात्रेत, जास्त दिवस झाला. त्यात साखर बेताल. परिणामी म्युकरमायकोसिस ही काळी बुरशी महाराष्ट्रात थैमान घालून गेली, कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. लगाम सैल सुटला तरी अनर्थ, करकचून ओढला तरी अनर्थ.

खरोखर प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढणारी औषधे आज उपलब्ध आहेत, ती कर्करोगासाठी. त्यामागील संशोधनाला २०१८ चे नोबेल मिळाले. त्यांनी अनेकांचे आयुष्य वाढवले आहे. पण ब्रेक काढल्याची किंमतही कळते : काही रुग्णांत प्रतिकारशक्ती थायरॉइडवर, आतड्यांवर, यकृतावर किंवा फुप्फुसांवर उलटते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी यातील निवोलुमॅब हे औषध तोंडाच्या व घशाच्या पुढे गेलेल्या कर्करोगात फक्त २० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत, दर तीन आठवड्यांनी, इतर औषधांबरोबर देऊन पाहिले. नेहमीच्या मात्रेचा हा दहावा हिस्साही नव्हे. तरीही एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या भागासाठी ही मोठीच बातमी. येथेही मात्रा मोजून, रक्त तपासून, तज्ज्ञांच्या नजरेखालीच हे चालते. किराणा दुकानातल्या चूर्णाला असे मोजमाप कोठले?

गुळवेलीची गोष्ट

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृतरोगतज्ज्ञ डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सर्वांनी कोरोनाच्या भीतीने गुळवेल घेतलेली होती. त्यांच्या यकृतातील बिघाड ऑटोइम्यून स्वरूपाच्या काविळीसारखा होता. त्यातील एक रुग्ण दगावला. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते हे खरे मानले, तर ज्यांच्यात ऑटोइम्यून विकाराचे बीज आधीच आहे त्यांच्यात हाच गुण घातक ठरू शकतो, असे या डॉक्टरांनी २०२१ साली लिहिले. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केंद्रीय आयुष मंत्रालयाने मुंबईच्या अहवालावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. पण ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर हा आक्षेप अधिकच काळजी वाढवणारा आहे. बांधावरून तोडून आणलेली किंवा पिशवीतून आलेली वेल कोणती हे जर ओळखता येत नसेल, तर ती महिनोन्महिने रोज पिण्याचा सल्ला कोणाच्या भरवशावर द्यावयाचा?

"गुळवेल आमच्या आजीपासून चालत आली आहे" असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु चांगला वैद्य आधी नाडी पाहतो, प्रकृती विचारतो, मात्रा आणि काळ ठरवतो. एकच काढा घरातील सर्वांना, सर्व ऋतूंत, वर्षभर पाजावा असे कोणताही जाणता वैद्य सांगणार नाही. तेव्हा माझी तक्रार आयुर्वेदाशी नाही. निदानाशिवाय विकल्या जाणाऱ्या 'वाढवण्याच्या' आश्वासनाशी आहे, मग ते काढ्याच्या बाटलीवर असो वा परदेशी गोळ्यांच्या डब्यावर.

मग करावे काय?

प्रतिकारशक्ती कमी पडते असे कधी होतच नाही काय? होते. अनियंत्रित मधुमेह, कुपोषण, एचआयव्ही, कर्करोगाची औषधे यांमुळे ती खरोखर कमी होते. त्यावर उपाय म्हणजे मूळ कारणाचा उपचार. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना दरमहा तांदूळ, डाळ असा जादा शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. पोटभर डाळभाताला 'इम्युनिटी बूस्टर' असे नाव कोणी देत नाही, एवढेच.

वाचकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) आमवात, ल्युपस, सोरायसिस, ऑटोइम्यून थायरॉइड, यकृताचा जुना विकार असलेल्यांनी आणि ज्यांचे अवयवरोपण झाले आहे अशांनी प्रतिकारशक्ती वाढवणारे कोणतेही उत्पादन स्वतःच्या मनाने घेऊ नये. घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये.

२) अवयवरोपण झालेल्याने बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करू नयेत. बरे वाटते ते त्या गोळ्यांमुळेच. ओळखीच्या कोणाच्या शब्दावर मात्राही बदलू नये.

३) सांधेदुखीवर 'दोन दिवसांत गुण' देणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणेही धोक्याचे असते, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते.

४) सकाळचा सांध्यांचा ताठरपणा सहा आठवड्यांहून अधिक टिकला, उन्हात गेल्यावर गालांवर चट्टे उठू लागले, किंवा एखादे चूर्ण सुरू केल्यावर डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, तर वाट पाहू नये.

५) लस म्हणजे प्रतिकारशक्ती सरसकट वाढवणे नव्हे. तालमीत एका ठराविक प्रतिस्पर्ध्याचा डाव आधीच शिकवून ठेवणे म्हणजे लस. म्हणून ती उपयोगी पडते. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी कोणती लस चालेल हे आधी विचारावे, काही लसी त्यांना चालत नाहीत.

६) वेळेवर झोप, पुरेशी डाळ-उसळ-अंडी-भाजी, साखरेवर ताबा आणि तंबाखूला रजा. यांनी मल्लही तयार राहतो आणि पंचही जागा राहतो.

शेवटी एक सूचना, शासनासाठी आणि आपल्या औषध विक्रेत्यांसाठीही. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापता येतो, तर 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' असे मिरवणाऱ्या प्रत्येक डब्यावर ठळक मराठीत एक ओळ का असू नये : 'ऑटोइम्यून विकार असलेल्यांनी, यकृताचे रुग्ण आणि अवयवरोपण झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये'? कायदा होईपर्यंत वेळ लागेल. तोवर दुकानदाराने डबा हातात देण्यापूर्वी "घरात कोणाला आमवात, थायरॉइड, काविळीचा जुना त्रास आहे का?" एवढे विचारले, तरी एखाद्या घरावरचे संकट टळेल. आणि ग्राहकाने तो डबा घेण्याआधी तोच प्रश्न स्वतःला विचारावा. त्याला तर कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.